जपानी घड्याळाच्या झाकणाआत

बाबा,

तुमची नात घड्याळजी होणार आहे. एका दमात सांगून टाकलं. आता डोळ्यावरचं भिंग काढून ठेवा, घोटभर पाणी प्या आणि मग पुढचं ऐका. तुम्ही लगेच तोंड उघडाल हे मला ठाऊक आहे, आणि तुम्ही एकदा बोलायला लागलात की दुसऱ्याला बोलायची सोय नसते. म्हणून तर पत्र लिहायला बसले. पत्रात मध्ये बोलता येत नाही.

तुम्ही गेलात तेव्हा माझं लग्नसुद्धा झालेलं नव्हतं, त्यामुळे नात तुम्ही पाहिलीच नाही. ती इथे न्युरेम्बर्गमध्येच जन्मली. मी मराठीत बोलते, ती जर्मनमध्ये उत्तर देते, तरी आमची भांडणं अगदी रंगतात. शाळेत हुशार. त्या हुशारीवर मी मनातल्या मनात तिला इंजिनियर करून, माझ्याच कंपनीत चिकटवूनही मोकळी झाले होते. आणि एका संध्याकाळी मी पोळ्या लाटत असताना तिने जाहीर केलं, की दहावीनंतर शाळा सोडणार, आणि जुन्या शहरातल्या एका घड्याळजीकडे आउसबिल्डुंग करणार. आउसबिल्डुंग म्हणजे उस्तादाच्या हाताखाली तीन वर्षं राहून काम शिकायचं. नववीत असताना शाळेतर्फे ती त्याच्याकडे थोडे दिवस जाऊन आली होती. मला वाटलं होतं, हौस फिटली. फिटली कसली, मुरली होती.

"नाइन," मी म्हटलं, म्हणजे नाही. मी सहसा जर्मनमध्ये रागावत नाही, पण तिला नीट कळावं म्हणून.

"आई, इश वाइस गेनाऊ, वास इश विल," ती म्हणाली. मला काय हवंय ते मला नेमकं माहीत आहे. आवाज चढवला नाही, पायही आपटले नाहीत. तवा धुरावला होता, त्याखालचा गॅस तेवढा तिने बंद केला.

तुमचे जावई डोकं धरून बसले. "अगं, पुण्यात आईला काय सांगू? नातीनं दहावीला शाळा सोडली म्हणून?" मुलगी अठराच्या आतली, त्यामुळे करारावर आम्हा दोघांच्या सह्या लागणार होत्या. "मग तू केलीस तर मी करतो," असं म्हणून त्यांनी सगळं माझ्यावर ढकललं आणि भाजी चिरायला घेतली. पुण्याची मला तेवढी चिंता नव्हती. माझ्यासमोर तुम्ही उभे होतात.

साताऱ्याचं आपलं दुकान. दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्यानं पायरीवर थांबायचं. तुम्ही काचेच्या कपाटामागे वाकलेले, डोळ्याला भिंग, हातात चिमटा, आणि तोंड अखंड चालू. आखातातून सुट्टीवर आलेली माणसं मनगटावर जपानी घड्याळं घालून येतात, आणि एखादं उघडलं की तुमचं जपानी पुराण सुरू होतं. सुटे भाग विकायला मुंबईहून येणाऱ्या माणसाकडून तुम्ही ते ऐकलेलं असतं, त्यात पदरचा मीठमसाला घालता. ती घड्याळं बनवणाऱ्या कंपनीचा संस्थापक म्हणजे तुमच्यासारखाच एक दुरुस्तीवाला. भूकंपात त्याचा कारखाना जळला, लोकांनी दुरुस्तीला दिलेली घड्याळंही जळून गेली. तर त्यानं पेपरात जाहिरात देऊन गिऱ्हाइकांना बोलावलं आणि ज्याचं जळलं त्याला बदली घड्याळ दिलं. पुढे कंपनीनं आपल्याच दोन कारखान्यांत चढाओढ लावली. "सख्ख्या भावांत लावली की हो कुस्ती! म्हणून तर पुढे गेले." मला यातलं निम्मं तुमच्या पदरचं वाटायचं. इथे आल्यावर वाचलं, तेव्हा बहुतेक सगळं खरं निघालं. बाबा, शंका घेतली त्याबद्दल माफी.

आणि क्वार्ट्झची गोष्ट तर तुम्ही कीर्तनकाराच्या थाटात सांगायचात. नाताळच्या दिवशी त्यांनी असं मनगटी घड्याळ विकायला काढलं की ज्याला चावी नको. आत गारगोटीच्या जातीचा एवढासा स्फटिक, विजेवर थरथरणारा, सेकंदाला हजारो वेळा, आणि एकही ठोका न चुकवणारा. मोटारीच्या किमतीचं होतं ते पहिलं घड्याळ. काही वर्षांतच ते इतकं स्वस्त झालं की साताऱ्याच्या बाजारात टोपलीत घालून विकायला आलं. तुमच्याकडे दुरुस्तीला येणारी घड्याळं आटली. लोक फक्त सेल बदलायला यायचे. तरी तुमचं कौतुक आटेना. आई एकदा डबा घेऊन दुकानात आली आणि गिऱ्हाइकासमोरच म्हणाली, "अहो, ज्यांनी आपलं दुकान बसवलं, त्यांचीच आरती काय ओवाळताय?" तुम्ही हसलात. म्हणालात, "चांगलं काम ते चांगलं काम. ते आपल्या मुळावर आलं म्हणून काय वाईट होतं?"

त्या दिवसांत मी तुमच्या नातीएवढीच होते. सुट्टीत तुमच्या बाजूला बसून घड्याळं उघडायला शिकले होते, आणि हात बरा होता, हे तुम्हीच आईला सांगितलेलं मी ऐकलं होतं. मी म्हटलं, बाबा, दहावी झाली की मी दुकान बघते. तुम्ही माझ्या डोळ्यावरचं भिंग काढून घेतलंत. एरवी तासभर बोलणारा माणूस, दोन वाक्यांत संपवलंत. "या खुर्चीला आता भविष्य नाही. तू इंजिनियर व्हायचं." पुन्हा मला त्या खुर्चीत बसू दिलं नाहीत. मी कॉलेजला निघाले तेव्हा मात्र स्वतःच्या मनगटावरचं जपानी ऑटोमॅटिक काढून माझ्या हातात बांधलंत. त्याच्या आत एक चिमुकली खिटी आहे, हात इकडे हलो की तिकडे, चावी भरतेच. "तसंच कष्टांचं, कुठल्याही दिशेनं केले तरी वाया जात नाहीत," तुम्ही म्हणालात. मी तेव्हा रागात होते, त्यामुळे ते वाक्य फारसं आवडलं नव्हतं.

तर तुमचीच दोन वाक्यं मी तुमच्या नातीला ऐकवली. आजोबा स्वतः म्हणाले होते की या खुर्चीला भविष्य नाही. ती म्हणाली, तेव्हा नसेल. आता इथे चावीची घड्याळं घेऊन लोक महिनोन् महिने थांबतात, कारण दुरुस्त करणारी माणसंच उरली नाहीत. मग तुमच्याच पुराणातला एक अध्याय, जो तुमच्या हयातीत बाजारात आला नव्हता, तो तिने मला सांगितला. त्याच कंपनीनं नंतर असं घड्याळ केलं, की ताकद सगळी स्प्रिंगची आणि लगाम क्वार्ट्झचा. एक इंजिनियर वर्षानुवर्षं त्याच्यामागे लागला होता. तुमच्या खुर्चीतली स्प्रिंग आणि तुमच्या खुर्चीवर उठलेला स्फटिक, दोन्ही एका डबीत गुण्यागोविंदानं नांदतात! तुम्ही हे ऐकलं असतंत तर दोन दिवस जेवला नसतात, नुसतं बोलत राहिला असतात.

तरी सही करायचं मन होईना. ती म्हणाली, एकदा माइस्टरला भेट तरी. माइस्टर म्हणजे तिचा उस्ताद. गेले. साठीचा माणूस, कमी बोलणारा, तुमच्या अगदी उलट. त्याचे वडील श्वार्झवाल्डमधल्या घड्याळांच्या कारखान्यात होते. क्वार्ट्झ आलं आणि तो कारखाना बंद पडला. हे त्यानं असं सांगितलं, जसं आपण सांगतो की त्या साली पाऊस कमी होता. मग त्यानं टेबलावर मऊ कापड पसरलं आणि त्यावर तुमचं घड्याळ ठेवलं. माझ्या कपाटात बंद पडून होतं ते. मला न विचारता पोरीनं त्याच्याकडे नेलं होतं, आणि त्याच्या नजरेखाली प्रत्येक भाग सुटा करून, धुऊन, तेल देऊन पुन्हा बसवलं होतं. ते चालू होतं, बाबा.

माइस्टरनं मागचं झाकण उघडलं आणि भिंग माझ्याकडे दिलं. जो घड्याळ दुरुस्त करतो तो झाकणाच्या आत बारीक अक्षरात आपली खूण कोरतो, ही रीत तुम्हीच मला शिकवली होती. इथेही तीच रीत आहे. तुमची खूण म्हणजे 'श्री' आणि खाली महिना. किती वेळा उघडलं होतंत तुम्ही ते घड्याळ! श्रींची एक रांगच होती. माइस्टर म्हणाला, "ज्यानं हे इतक्यांदा उघडलं, त्यानं एकाही स्क्रूची खाच बिघडवलेली नाही. मी असे फार लोक पाहिले नाहीत." बाबा, मला माझ्या कामासाठी या देशात शाबासकी मिळाली आहे, पण ऊर असा कधी भरून आला नव्हता. मी भर दुकानात रडले. पोरगी इकडेतिकडे बघू लागली, तिला लाज वाटली असणार. रांगेच्या शेवटी, तुमच्या शेवटच्या श्रीखाली, आणखी एक श्री होता. जरा वाकडा. मराठी लिहायचा कंटाळा करणाऱ्या मुलीनं काढलेला.

मी तिथेच सही केली. तुमच्या जावयांनी घरी केली, आणि लगेच पुण्याला फोन लावून 'मायक्रो-मेकॅनिक' असं काहीतरी सांगितलं. सांगू देत. सप्टेंबरपासून ती जाईल. तुमचं बोलणं मोडलं म्हणून रागावायचं असेल तर माझ्यावर रागवा, तिच्यावर नको. आणि खरं तर तुम्ही रागावणार नाही. चांगलं काम ते चांगलं काम, हे तुमचंच बोलणं ना?

हे पत्र पाठवू कुठे? साताऱ्याच्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं विकतात. एकच सांगायचं राहिलं. सही करताना मला अभिमान वाटला, आणि पोटच्या पोरीचा थोडा हेवाही वाटला. म्हणून निघताना मी माइस्टरला विचारलं, आणि तिच्या खुर्चीत क्षणभर बसून पाहिलं. भिंग अजून डोळ्याला नीट बसतं, बाबा.