शाम्पूची वडी

आई, कॅलेंडरच्या गेल्या महिन्याच्या पानामागे लिहिते आहे, कोरा कागद कशाला वाया घालवू. सांगायचंय ते एका वडीबद्दल. सुनेने ती माझ्या हातावर ठेवली. दिसते साबणासारखी, पण म्हणे शाम्पू. "अहो आई, बाटलीत निम्मं पाणीच असतं. ही पुष्कळ दिवस पुरते," ती म्हणाली. पुरते म्हटल्यावर मी ऐकलंही असतं, पण देताना तिची नजर माझ्या भांगावर गेली. भांग रुंद होत चाललाय हे मी कुणाला बोललेले नाही, पदर पुढे ओढून घेते. मग ही काळजी की टोमणा? तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय.

शिवाय वडी म्हटली की त्यात चरबी असायची भीती. न्हाऊन ओल्या केसांनी मी देवाला फूल वाहते, तिथे असलं काही कसं चालेल? खोक्यावर हिरवा ठिपका होता, पण ठिपका काय कुणीही छापेल. तिने ती आणली त्या एम. पी. नगरातल्या दुकानात स्वतः जाऊन विचारलं. "आंटीजी, प्योर नारियल का है, भगवान कसम!" दुकानदार म्हणाला. साबणापायी देवाची शपथ घेणाऱ्यावर मी काय विश्वास ठेवणार. घरी आले तर तुझे जावई त्याच वडीने बनियन धूत बसलेले. "वास बरा आहे गं हिचा," वर हे.

तेव्हा तुझी आठवण झाली. शिवाजी नगरचं आपलं सरकारी क्वार्टर, बाबा ऑफिसला गेलेले, आणि दारात साबण विकणारा उभा. तू त्याच्याकडून नुसता एक तुकडा मागतेस, हँडपंपाच्या जड पाण्याच्या ग्लासात खळखळ हलवतेस आणि उजेडात धरतेस. दूध फाटावं तशा पांढऱ्या गुठळ्या वर येतात. "हेच केसांत बसणार, म्हणून चिकट होतात," म्हणतेस, आणि आम्हा पोरींना रविवारी शिकेकाईच्या पातेल्याशी बसवतेस. मी हललेच तर पाठीत धपाटा.

मी आमच्या बोअरच्या तसल्याच जड पाण्यात वडीचा कीस टाकला. हलवला. फेस आला, गुठळी एक नाही. म्हणजे हा साबण नव्हेच. चरबीचं तेवढं मग त्या हिरव्या ठिपक्यावर सोडलं. ग्लास उजेडात धरून उभी होते तेवढ्यात सून आली. "हे काय, लॅब उघडली?"

"तुझी वडी तपासतेय."

ती हसली आणि मला बाथरूममध्ये घेऊन गेली. मी वडी डोक्यावर घासायला लागले तर ओरडली, "डोकं आहे ते, कढई नाही! सगळे केस आधी चिंब भिजवा. वडी हातावर फिरवा, आणि फेस बोटांनी मुळाशी लावा. टोकांना धुताना उतरेल तेवढा बस." शेवटी मला स्टुलावर बसवून तिनेच बोटं लावली. मान खाली होती म्हणून विचारता आलं, "माझा भांग बघून आणलीस ना?"

"हो," म्हणाली. तिची बोटं थांबली. "आणि माझा बघून. बाळ झाल्यापासून मूठ मूठ केस जातायत. वडीने उगवणार नाहीत, ठाऊक आहे मला. पण एकटीला भीती वाटते हो."

पाणीही तिनेच ओतावं म्हणून तांब्या तिच्या हातात दिला.

आता वडी जाळीवर निथळत ठेवली आहे, पाण्यात राहिली तर लगदा होतो. केस मोकळे आहेत, चिकट नाहीत. तरी तिला म्हटलं, माझी अजून खात्री पटलेली नाही, पुढच्या रविवारी परत बघू, आणि आधी तुझं डोकं मी धुईन.

तू आता नाहीस, हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून तुला सांगते. खात्री मला ग्लासातच पटली होती.