पेशंटच्याच शब्दांत

३ मार्च, सोमवार. पहाटे ५.
आजपासून अभ्यास. रोज पाच ते सात. परीक्षा २९ तारखेला, म्हणजे बावन्न तास मिळतात. बावन्न तासांत माणूस डॉक्टर होईल.

तीन पेपर. नर्सिंग नॉलेज, इंग्रजी रीडिंग, इंग्रजी लिसनिंग. नवीन मॅनेजमेंट आल्यापासून निघालेलं खूळ. तिन्हीत पास झाल्याशिवाय म्हणे वॉर्डची इन्चार्ज राहता येणार नाही. सर्जिकल वॉर्ड एकोणीस वर्षं माझ्या ताब्यात आहे. औषधांच्या कपाटाची किल्ली एकोणीस वर्षं माझ्या कमरेला. पहिल्या खेपेला नापास झाले, कारण एसीचा झोत थेट मानेवर होता. हा दुसरा चान्स आणि शेवटचा. यात हुकलं तर किल्ली कुजबुजकडे.

कुजबुज म्हणजे माझी ज्युनिअर. तिला इंजेक्शन धरायला मी शिकवलं. बोलते इतकी हळू की पेशंटला तिच्याकडे वाकावं लागतं. तिन्ही पेपर पहिल्या फटक्यात पास. नशीब एकेकाचं.

पहाटे ५.२०. रीडिंगच्या पुस्तकाची छपाई फारच बारीक. डोकं चढलं. उद्या ताज्या डोक्याने.

५ मार्च, बुधवार.
काल जमलं नाही. परवाही, म्हणजे सोमवारीही, तसं जमलंच नव्हतं. आज लिसनिंग.

रेकॉर्डिंग एकदाच ऐकवतात. नर्स पेशंटला प्रश्न विचारते, तो सांगतो, आपण गाळलेल्या जागा भरायच्या. सोपं आहे. प्रश्न : ऑपरेशनच्या दिवशी सकाळी पेशंटने काय घेतलं? मी लिहिलं, काही नाही. पुस्तकात उत्तर, कपभर चहा! ऑपरेशनच्या दिवशी चहा? माझ्या वॉर्डात कुणाची हिंमत आहे? पुस्तक छापणारे कधी ऑपरेशन थिएटरजवळ फिरकले नसावेत. तीसपैकी अकरा. पुस्तकातल्या चुका वजा केल्या तर चोवीस होतात.

हे दुकानातून आले आणि म्हणाले, डावीकडची दाढ ठणकते. लवंग तेल दिलं.

९ मार्च, रविवार.
नॉलेजवर भर देणार. तिथे माझा हात कोण धरणार!

प्रश्न : तुम्ही खोलीत जाता, पेशंट रडतोय. सर्वात आधी काय कराल? चार पर्याय. पैकी एकातही 'नातेवाईकांना बाहेर काढा' नाही. 'सलाईन बघा' नाही. मी समासात पाचवा पर्याय लिहून त्यावर खूण केली. पुस्तकाच्या मते उत्तर : शेजारी बसा आणि त्याचं ऐकून घ्या. छत्तीस बेड, दोन नर्स, आणि मी बसू?

हे म्हणाले, पुस्तक एवढं लांब धरतेस, तुझा नंबर वाढलाय. दुकानात ये, तपासून देतो. ह्यांचं आयुष्य चष्म्याच्या दुकानात काचा घासण्यात गेलं, त्यामुळे जगातलं प्रत्येक दुखणं ह्यांना डोळ्यात दिसतं. म्हटलं, २९ नंतर.

१२ मार्च, बुधवार.
क्लासला नाव घातलं. क्लासवाले सर टाय लावतात आणि वय पंचवीस. सगळ्यांसमोर मला म्हणाले, मॅडम, तुम्ही ऐकता कमी आणि दुरुस्त जास्त करता. अहो, दुरुस्त करणं हेच माझं काम आहे! मी दुरुस्त केलं नसतं तर किती लोक आज हयात नसते. हे त्यांना मी चांगलं पंधरा मिनिटं सांगितलं. तेवढ्यात पुढची दोन रेकॉर्डिंग झाली.

क्लास सोडला. स्वतःचा अभ्यास स्वतः केलेलाच बरा.

१४ मार्च, शुक्रवार.
नवं टाइमटेबल. पहाट जमत नाही, संध्याकाळ धरली. लाल, निळ्या, हिरव्या पेनाने आखायला अडीच तास लागले. सुरेख झालंय. भिंतीवर लावलं. त्यातच आजचा अभ्यास झाला असं धरते.

ह्यांची दाढ अजून दुखते. म्हणाले, बाजाराच्या पिशव्या घेऊन जिना चढलो की दुखते, बसलो की थांबते. जिना चढल्यावर दाढ दुखते, हे मी सव्वीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा ऐकलं. म्हटलं, आपण तिसऱ्या मजल्यावर राहतो ही दाढेची चूक नाही. दातांच्या डॉक्टरकडे जा.

१६ मार्च, रविवार.
ड्युटी. डबा घरी विसरले. हे आणून द्यायला वॉर्डपर्यंत आले. मी राउंडमध्ये होते, भेट झाली नाही. डबा कुजबुजकडे देऊन गेले.

१७ मार्च, सोमवार.
कुजबुज येऊन काहीतरी पुटपुटली. सिस्टर, जरा बोलायचं होतं, असं काहीसं. मी ओळखलं. मला अभ्यासात मदत करायची आहे बाईला! काय पण दिवस आले. म्हटलं, मोठ्याने बोलायला शीक आणि २९ नंतर बोल.

दातांच्या डॉक्टरला दाढेत काहीच सापडलं नाही म्हणे. डॉक्टर बदलायला सांगितलं.

२० मार्च, गुरुवार.
नऊ दिवस राहिले. रीडिंगला एक उतारा वाचायला वीस मिनिटं लागतात, मिळतात बारा. छपाई बारीक ती बारीकच. मॅट्रनकडे मोठ्या अक्षरांच्या पेपरसाठी अर्ज केला. त्यांनी विचारलं, डोळे तपासलेत का? सगळ्यांनी मिळून एकच प्रश्न पाठ केलाय.

लिसनिंग : नऊ. खाली चाललंय, पण हे रेकॉर्डिंग जुनं असल्यामुळे.

किल्ली रात्री उशीखाली ठेवायला लागले आहे. ह्यांना टोचते. ठेवतेच.

२२ मार्च, शनिवार.
आज मूड छान. नवीन विद्यार्थिनींना केस शीट कशी लिहायची ते शिकवलं. पेशंटची तक्रार पेशंटच्याच शब्दांत लिहायची. तो म्हणाला 'पोटात उंदीर फिरतो', तर उंदीरच लिहायचा. आपल्या डोक्यातला आजार त्याच्या तोंडी घालायचा नाही. 'पेशंट म्हणतो' असं लिहून तो जे म्हणतो तेच. एकोणीस वर्षं हे मी शिकवते. एक मुलगी 'ॲसिडिटी' लिहून आली, तिची शीट सगळ्यांसमोर फाडली. चोख काम म्हणजे काय ते त्यांना कळलं असेल.

मला नापास करतील? मला?

२५ मार्च, मंगळवार.
कुजबुज पुन्हा. औषधांच्या खोलीत माझ्या मागे आली, दार लोटलं आणि म्हणाली, सिस्टर, घरचं आहे, ऐकाल का? हिच्या घरचं मी का ऐकू? चार दिवसांवर परीक्षा. म्हटलं, किल्लीसाठी तुला थोडं थांबावं लागेल हं. रडवेली झाली. जरा जास्तच बोलले. पण टेन्शन मला किती आहे हे कुणी बघतं का?

ह्यांनी हल्ली जिना चढताना मधे थांबायची सवय लावून घेतली आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या दाराशी उभे राहून त्यांच्या कुंड्या बघतात. ह्यांना झाडांची आवड कधीपासून?

२८ मार्च, शुक्रवार. दुपारी ४.
रजा घेतली. बावन्न तासांपैकी झाले साधारण सात. टाइमटेबलचे अडीच धरून. पण अनुभव कुठे गेला? अनुभव तर सव्वीस वर्षांचा आहे.

चहा दोनदा उतू गेला. ह्यांनी उठून भांडं घासलं आणि म्हणाले, आज दाढ बसल्या बसल्याही दुखली. घामही आला. मग माझं तोंड बघून म्हणाले, राहू दे, उद्या तुझं होऊ दे. किती समजूतदार आहेत. क्रोसिन दिली.

२९ मार्च, शनिवार. सकाळी ७.
निघते. हे माझी बॅग घेऊन खाली पोचवायला येतायत. नको म्हटलं तरी ऐकत नाहीत. पेनं चार. हॉल तिकीट घेतलं. किल्ली कमरेला.

२९ मार्च. संध्याकाळी ६. हॉस्पिटल. कार्डिॲक वॉर्डच्या बाहेरचा बाक.
क्रमाने लिहिते.

सकाळी हे पहिल्या मजल्याच्या पायरीवर बसले. बॅग माझ्याकडे दिली आणि हाताने म्हणाले, जा, जा, उशीर होईल. मी गेले. वळूनही बघितलं नाही.

नॉलेज दिला. रीडिंग दिला. मग लिसनिंग. दोन रेकॉर्डिंग झाली, काय लिहिलं आठवत नाही. तिसऱ्यात एक माणूस. चोपन्न वर्षांचा. नर्सने विचारलं, काय होतंय. तो इंग्रजीत म्हणाला, जिना चढलो की माझी दाढ दुखते. बसलो की थांबते. दातांच्या डॉक्टरला काही सापडलं नाही. नर्सने विचारलं, घरी कुणाला सांगितलंत का. तो म्हणाला, बायको हल्ली गडबडीत असते.

मी सगळं लिहिलं. शब्द न शब्द. पहिल्यांदा काहीही दुरुस्त केलं नाही. हृदयाचं दुखणं दाढेत उतरतं, हे मी विद्यार्थिनींना दर वर्षी शिकवते. दर वर्षी!

उठले. पर्यवेक्षक म्हणाले, आता बाहेर गेलात तर परत येता येणार नाही. ते मला स्वच्छ ऐकू आलं.

बाहेर जमा केलेला फोन कपाटातून काढला. कुजबुजचे नऊ मिस्ड कॉल. उलट फोन केला तेव्हा कळलं, हे त्या पायरीवरूनच तिच्याशी फोनवर बोलले होते. तीच गाडी घेऊन गेली, तिनेच आणलं. सोळा तारखेला डबा द्यायला आले तेव्हा वॉर्डच्या दारात दम खाताना तिने ह्यांना बघितलं होतं. खुर्चीत बसवलं, विचारलं, सगळं ऐकून घेतलं. लगेच ईसीजी काढला. तेव्हा नॉर्मल आला, तरी हृदयाच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी पुढच्या तपासण्या लगेच करायला सांगितल्या होत्या. ह्यांनी तिला शपथ घातली, हिची परीक्षा होऊ दे, मग ३१ तारखेला येतो. तरी ती दोनदा मला सांगायला आली.

एक स्टेंट बसली. शुद्धीवर आहेत. डॉक्टर म्हणाले, आणखी तासभर उशीर झाला असता तर अवघड होतं. मी भिंतीकडे तोंड करून रडले. कुजबुज शेजारी येऊन बसली. पुस्तकातलं उत्तर बरोबर होतं.

३१ मार्च, सोमवार.
आयसीयूत भेटायची वेळ दहा मिनिटं. नातेवाईक म्हणून बाहेर काढलं. नियमाने काढलं. पण बोलताना जरा गोड बोलायला काय होतं?

९ एप्रिल, बुधवार.
हे घरी आले. घरमालकांनी खालची खोली दिली आहे महिनाभर, जिना नाही.

रिझल्ट. मनातल्या मनात भाषण तयार होतं. नवऱ्यासाठी भर पेपरातून उठलेली बाई, वगैरे. मॅट्रनने कागद पुढे केला. नॉलेज : नापास. रीडिंग : नापास, शेवटचे तीन उतारे कोरे. म्हणजे हॉलमधून उठण्याआधीच मी नापास झाले होते. लिसनिंग : अपूर्ण. पहिल्या दोन रेकॉर्डिंगला मिळून तीन मार्क. तिसऱ्याला दहापैकी दहा. मॅट्रन म्हणाल्या, हे कसं काय? मी कागदाची घडी घातली.

किल्ली कुजबुजला दिली. कमरेला कशी लावायची ते दाखवायला गेले आणि हात मागे घेतला. तिची ती लावेल. तिने काहीतरी म्हटलं. मी वाकून ऐकलं. म्हणाली, सिस्टर, तुम्ही मला शिकवलेलंच मी केलं.

१२ एप्रिल, शनिवार. संध्याकाळी ५.
सोमवारपासून स्टाफ नर्स. नवा चष्मा आला. ह्यांनी बसल्या जागी नंबर तपासला आणि दुकानातल्या माणसाकडून करून आणवला. पाऊण नंबर वाढलेला. रीडिंगचं पुस्तक उघडलं. छपाई अजिबात बारीक नाही.

मग ही वही पहिल्यापासून वाचली. पाच तारीख, दाढ. चौदा तारीख, दाढ, जिना, बसलो की थांबते. सतरा, डॉक्टरला काही सापडत नाही. पंचवीस, कुंड्या. अठ्ठावीस, घाम. सगळं माझ्याच अक्षरात, नीट, तारखेसकट. एवढी चोख केस शीट माझ्या एकाही विद्यार्थिनीने लिहिली नसेल. लिहिलं मी, वाचलं मात्र कुणीच नाही.

५.२०. पेशंट म्हणतो, तुझं लिहून झालं असेल तर जरा बोलायचं होतं.

बोला म्हटलं. वही मिटते.