अकरा ग्रॅम आकाश

३ मार्च, सकाळ
उल्केचा दगड आला. अकरा ग्रॅम. महिन्यापूर्वी एका रिटायर्ड पोस्टमनच्या शेडचा पत्रा फोडून खाटेवर पडला. त्यांची बायको नुकतीच तिथून उठली होती. काका स्वतः औषधाच्या डबीतून घेऊन आले. म्हणाले, अर्धा परत द्या, ती रोज विचारते. मिळाला म्हणून समजा, म्हणालो. रिटायर होण्याआधी एक मोठा पेपर. नक्की.

७ मार्च
दोन ग्रॅम कुटून पाण्यात उकळले. अमिनो आम्लं भरपूर. आता त्यांतला कार्बन मोजायचा. अंतराळातल्या आम्लांत जड कार्बन जास्त, मशीनचा आकडा अधिक चाळीसच्या आसपास जातो. पृथ्वीवरची असली तर उणे वीस-पंचवीस. आपला चाळीसच येणार. पेपरचा गोषवारा लिहून ठेवला.

१२ मार्च
उणे चोवीस. मशीन बिघडलंय.

१३ मार्च
इंजिनिअर म्हणतो, मशीन ठणठणीत आहे. लॅबमधल्या ज्युनिअर बाई म्हणाल्या, सर, दगड न घालता एक रन करून बघू, बाहेरचं काही मिसळतंय का ते कळेल. आणि ग्लोव्हज घालत जा. तुम्ही शाळेत होता तेव्हापासून मी हे करतोय, असं सांगितलं. गप्प बसल्या. हल्ली मी आलो की सगळेच गप्प बसतात. आदर.

१९ मार्च
आणखी तीन ग्रॅम. उणे चोवीस. चहा पिताना लख्ख कळलं: आकडा बरोबरच आहे. अंतराळातलं रसायन हुबेहूब आपल्यासारखं आहे! गोषवारा बदलला. हिला फोन केला. ती म्हणाली, तुम्हाला बरं वाटतंय ना?

२६ मार्च
डायरेक्टरना कळवलं. उत्तर नाही. आज मला बघून लिफ्ट सोडून जिन्याने गेले. खात्रीसाठी चार ग्रॅम. काकांची समजूत नंतर काढता येईल.

२ एप्रिल
उणे चोवीस. उरलेले दोनही घातले. बाईंनी डबीत डोकावून झाकण हळूच लावलं. मी डबी ड्रॉवरमध्ये ठेवली. डबी तरी परत देता येईल.

९ एप्रिल
डायरेक्टरांच्या सांगण्यावरून बाईंनी माझ्याकडून दगडाशिवाय रन करून घेतला. माझी भांडी, माझे उघडे हात. तीच आम्लं, उणे चोवीस. मग ग्लोव्हज घालून, नवी भांडी घेऊन त्यांनी स्वतः केला. सपाट रेघ, एकही आम्ल नाही. एकाच चाचणीवरून घाई नको, असं मी म्हणालो. बाईंनी आलेख छापून माझ्या हातात दिला.

११ एप्रिल, दुपार
पोस्टमनकाका आले. बायको दवाखान्यात आहे, तुकडा उशाशी हवा म्हणते. मी त्यांना बसवलं, पाणी दिलं, आलेख दाखवला. त्यांनी चष्मा पुसला. मग सगळ्यांत उंच रेघेवर बोट ठेवलं.
"हा आमचा दगड का?"
"नाही काका. तो माझ्या बोटांचा घाम आहे."
"मग दगड कुठंय?"
उकळून उरलेली भुकटी दर वेळी मीच धुऊन टाकली होती. भांडी स्वच्छ असावीत म्हणून. तेही सांगितलं.
ते उठले, सिंकपाशी गेले आणि आत वाकून बघत राहिले.