अबोलीची शिडी

ती. सुचेताताईस,

धाकट्या गिरीशचा इंद्रपुरीहून शिरसाष्टांग नमस्कार. भाऊजींचा गुडघा आता जिना चढू देतो का? आमच्याकडे सगळं छान आहे. फक्त अबोली जेवत नाही, वैशाली झोपत नाही आणि मला बीपीची गोळी सुरू झाली आहे.

तुझी भाची नववीत गेली आणि ताट वाढलं की तिचं पोट दुखू लागलं. ओवा झाला, हिंग झाला, सोनोग्राफीही झाली; पोटात काही नाही (अन्नसुद्धा). शेवटी शाहपुऱ्यातल्या डॉक्टर कांचनबाईंनी कागदावर शिडी काढून तिला विचारलं, शाळेत तू कुठल्या पायरीवर? आपण इतरांपेक्षा खालचे असं या वयात वाटलं की भूक, झोप सगळं बिघडतं म्हणे. पुढचं ऐकायला मी थांबलोच नाही. क्वार्टरच्या टाइपावरून माणसाची पायरी ओळखणारे कारखान्यातले लोक आम्ही! दुसऱ्याच दिवशी विश्वनाथसाहेबांची मोठी पांढरी गाडी मागून आणली (त्यांच्या सासूबाईंना स्टेशनवरून आणायच्या बोलीवर) आणि अबोलीला थेट शाळेच्या फाटकात उतरवलं. हॉर्नही दिला. पोर सीटखाली दडत होती. मला वाटलं, आनंदाने लाजते आहे. पण त्यानंतरच्या सकाळी पुन्हा आपली स्कूटर. मैत्रिणींनी विचारलं, "क्यों अबोली, गाड़ी बिक गई क्या?" तेव्हापासून घास आणखीच अडतो. ताई, मनगटाची हाडं दिसतात गं तिच्या. मला फार भीती वाटते.

काल वैशाली एकटीच तिला घेऊन गेली (दोघींनी मला येऊ दिलं नाही). तर शाळेच्या शिडीवर अबोली पहिल्यापासून चांगली मधोमध उभी होती! बाईंनी मग दुसरी शिडी काढली, आपल्या नातेवाइकांतली. तिथे ती सगळ्यांत खाली. वर तुमचा परीक्षित. का, तर बाबा रोज जेवताना त्याचे मार्क वाचून दाखवतात. हे साफ खोटं आहे. रविवारी तू पाठवतच नाहीस.

सर्वांना यथायोग्य.

तुझा,
गिरीश

ता.क. : मुख्य काम राहिलंच. परीक्षितचे मार्क आणि मेडलं घरच्या ग्रुपवर टाकणं काही दिवस बंद कर. पोरीच्या तब्येतीचा प्रश्न आहे. (मला एकट्याला पाठवायला हरकत नाही. गणिताच्या चाचणीत किती पडले त्याला?)

ता.क. २ : आज वैशालीने माझं ताट आतल्या खोलीत वाढलं. बाहेर अबोलीने दोन पोळ्या खाल्ल्या. उद्यापासून माझं पान आतच आहे.