जोड सैल नव्हते

ग्वाल्हेर, रविवार, सायंकाळ.

आमच्या मिश्रधातूतून वीज कष्टाने वाहते. तापवताना जिथे त्याचे चुंबकत्व संपते, नेमका तिथेच रोधकतेचा आलेख वळतो. ते एक वळण, हीच माझी कमाई.

आज व्याख्यानात माझाच विद्यार्थी श्रीधर पाहुण्या तज्ज्ञांना म्हणाला, "वो मोड़ तो तारों के ढीले जोड़ की गलती थी." मी पहिल्याच रांगेत होतो.

सैल जोड? निववतानाही आलेख तिथेच वळला होता. सैल जोड दोन्ही वेळा एकाच जागी चुकेल? श्रीधरला हे ठाऊक नाही?

बाहेर पाया पडून म्हणाला, "सर, नाराज होऊ नका. पाहुण्यांची थिअरी अलग आहे ना. चला, दर्पण कॉलनीपर्यंत सोडतो."

मी पायीच आलो.

सैल म्हणे! ते जोड श्रीधरनेच केले होते, आणि ते उत्तम होते.