लातूरला सन्मानाने निघालेल्या गाडीचा वृत्तांत

ता. भोकर, जि. नांदेड
२९ ऑक्टोबर

तीर्थरूप रविकिरणमामा,

तुमच्या भाचीचा, समीक्षाचा, उभ्या उभ्याच नमस्कार. वाकून करायचा असतो हे मला माहीत आहे, पण परवा लातूरच्या रस्त्यावर तुमच्या गाडीला जो धक्का दिला, त्यानंतर माझ्या कंबरेने वाकण्याचं काम सोडून दिलं आहे. तुमची तब्येत, मामींचा गुडघा, मुरुडच्या दुकानातली हरभऱ्याच्या बियाण्याची गर्दी, सगळं ठीक असेल असं धरून चालते. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. गाडीची खुशाली मात्र सविस्तर कळवावी लागेल. फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही दर दोन वाक्यांनी "अगं, ती गाडी लई गुणाची हाय" असं म्हणता, आणि तिचे गुण मला एकदा तरी न थांबता सांगायचे आहेत.

मी बी.ए. झाले तेव्हा भाचीच्या कौतुकापोटी तुम्ही आपली अकरा वर्षं वापरलेली पांढरी गाडी आमच्या दारात आणून उभी केलीत आणि स्वतः बिचारे नव्या गाडीत बसून परत गेलात. एवढा त्याग हल्ली कोण करतो? आमच्या घरात माझ्याआधी कोणी पदवीपर्यंत पोचलेलं नाही, त्यामुळे पदवीधर माणूस कशासाठी वापरायचा याची घराला अजून सवय नाही. विहिरीवरची मोटार पाणी उचलेना, समीक्षाला बोलवा. म्हशीच्या औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय, समीक्षाला बोलवा. लेकीच्या राज्यशास्त्रात हे सगळं येतं अशी अण्णांची प्रामाणिक समजूत आहे. मीसुद्धा खरं सांगते, नाही म्हणत नाही, वाचून बघते. वाचलं की माणसाला सगळं जमतं यावर माझा ठाम विश्वास होता. परवा सकाळपर्यंत होता.

परवा म्हणजे सोमवारी दुपारी तीन वाजता लातूरच्या एका संस्थेत माझी मुलाखत होती. महिला बचत गटांच्या समन्वयकाची जागा. गावोगाव जायचं, बायकांना बँकेचे अर्ज, सह्या, बैठकीचं इतिवृत्त शिकवायचं. मामा, गेली दोन वर्षं मी हेच काम मनात धरून बसले होते. दुसरं कुठलंच नको होतं. पत्रात ठळक अक्षरात लिहिलं होतं की उशिरा येणाऱ्यांचा विचार केला जाईलच असं नाही. म्हणून मी सकाळी सहाच्या एसटीने नांदेड आणि तिथून लातूर असा साधा बेत केला. तो अण्णांना कळला. ते म्हणाले, "गावातली पहिली ग्रॅज्युएट, अन् येष्टीत उभं राहून जाणार? मंग मामानं गाडी कामून दिली?" झालं. एसटीने मी दोन तास आधी पोचले असते, पण सन्मान घरीच राहिला असता.

सन्मानाची तयारी आदल्या संध्याकाळपासून सुरू झाली. गावातल्या मंडळींनी फ्लेक्स करून आणला. पाच फूट बाय चार फूट. वरच्या भागात सरपंच, माजी सरपंच, होऊ घातलेले सरपंच आणि इतर सोळा शुभेच्छुक, त्यातले निम्मे नमस्कार करताना आणि निम्मे मोबाइलवर बोलताना. वर जागा न उरल्याने मी तळाला, बारावीच्या परीक्षेच्या फोटोत, भेदरलेली. हा फ्लेक्स गाडीच्या तोंडावर बॉनेटपासून खालच्या बंपरपर्यंत सुतळीने असा आवळून बांधला की वाऱ्याची झुळूक आत जायची बिशाद नव्हती. वर झेंडूचा हार. डिकीत तुमच्यासाठी नव्या मुगाचं पोतं (परतीला मुरुडला मुक्काम ठरला होता ना). गाडी चालवायला माझा चुलतभाऊ सुदर्शनदादा. तो एरवी ट्रॅक्टर चालवतो आणि गाडीलाही ट्रॅक्टरच समजतो. पुढे अण्णा, मांडीवर माझ्या प्रमाणपत्रांची फाइल तान्ह्या बाळासारखी धरून. मागे मी आणि आई.

नांदेड गेलं, लोहा गेलं. माळाकोळीच्या अलीकडे तापमानाचा काटा लाल पट्ट्यावर जाऊन बसला. दादा म्हणाला, तो काटा पहिल्यापासून खोटंच बोलतो, मामांनीच सांगितलंय. (तुम्ही सांगितलंत? मग काट्याला उगीच दोष दिला आपण.) पाच मिनिटांत बॉनेटच्या फटीतून वाफ निघाली आणि सरपंचांच्या चेहऱ्यामागे प्रभावळीसारखी पसरली. गाडी बाजूला घेतली. अण्णांनी जन्मभर बैल सांभाळलेत. त्यांनी लगेच निदान केलं की जनावर दमलंय, अंगावर गार पाणी मारा. दादाने खांद्यावरचा टॉवेल हाताला गुंडाळला आणि रेडिएटरचं झाकण उघडायला निघाला. मी दोघांच्या मध्ये हात पसरून उभी राहिले. तापलेल्या इंजिनवर गार पाणी टाकलं तर ते तडकतं आणि गरम झाकण उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर उडतं, हे मी गाडीच्या पुस्तकात वाचलं होतं. (पुस्तक पुढच्या कप्प्यात, प्लास्टिकच्या पिशवीत, सील न फोडलेलं सापडलं. अकरा वर्षं इतकं जपून ठेवल्याबद्दल आभार.) अर्धा तास थांबायचं, मी म्हणाले.

अर्धा तास थांबणं ही गोष्ट आपल्याकडे कोणाला जमत नाही, मामा. सात मिनिटांत चार मोटारसायकली थांबल्या आणि सहा तज्ज्ञ उतरले. एकाने रेडिएटरमध्ये हळद टाकायला सांगितली. दुसऱ्याने हळदीला हसून अंडं सुचवलं. तिसरा इंजिनकडे न बघता फ्लेक्सवर आपल्या ओळखीचं कोण आहे ते शोधत राहिला आणि सापडल्यावर त्याला फोन लावून म्हणाला, "भाऊ, तुमच्या तोंडातून वाफ येऊलालीय!" मी मात्र पुस्तकातलं पुढचं वाक्य वाचलं, की रेडिएटरच्या जाळीसमोर हवा अडेल असं काहीही लावू नये. मोठ्याने वाचलं. भाषांतर करून वाचलं. सगळ्यांनी आधी फ्लेक्सकडे आणि मग अण्णांकडे पाहिलं.

अण्णांचा चेहरा पडला. फ्लेक्स सोडायचा म्हणजे रस्त्यात एकोणीस जणांचा अपमान, आणि जमलेल्यांतला एक तज्ज्ञ आत्ताच गावात फोन करून मोकळा झालेला. तिथे रस्त्याच्या कडेला बैठक झाली, आणि आपल्याकडच्या सगळ्या बैठकांसारखीच ती सर्वांचं समाधान करून उठली. जाळी मोकळी व्हायला हवी होती, जाळी खालच्या बाजूला होती, आणि खालच्या बाजूला कोण होतं तर मी. तेव्हा माझा फोटो आणि नाव असलेला भाग गुंडाळून वर बांधला. उरलेल्या रस्त्यावर एकोणीस शुभेच्छुक कोणाला शुभेच्छा देत होते, हे येणाऱ्या-जाणाऱ्यांना कळायला मार्ग नव्हता.

गार झालेल्या रेडिएटरमध्ये हळूहळू पाणी भरलं. दरम्यान दादाने कंटाळा येऊ नये म्हणून गाणी लावून बॅटरी संपवली होती, त्यामुळे धक्का. (कंबर इथे गेली.) गाडी सुरू झाली, पण काटा पुन्हा चढायला लागला. पुस्तकात यावरही उपाय होता. एसी बंद करून हीटर पूर्ण सोडायचा, म्हणजे इंजिनची उष्णता आत येते आणि इंजिनाला आराम पडतो. इंजिनाला खरंच पडला. ऑक्टोबरच्या दुपारी, सगळ्या काचा खाली, हीटर चारवर. अहमदपूर येईपर्यंत आई खिडकीबाहेर तोंड काढून बसली. मग पदराने मान पुसत म्हणाली, "शिकली म्हनून काय आमाला भाजून काढतीस का गं?" अण्णा घामाने निथळत होते, पण फाइलवर थेंब पडू नये म्हणून तिच्यावर टोपी झाकून बसले होते. मला आतून फार भरून आलं होतं, आणि बाहेरून फार उकडत होतं.

चाकूरच्या अलीकडे, दीड वाजता, डाव्या बाजूचं मागचं चाक बसलं. डिकी उघडली. मुगाचं पोतं होतं. मुगाच्या पोत्याखाली स्टेपनी असते तिथे आणखी अर्धं पोतं मूग होता. स्टेपनी कुठे आहे असं विचारल्यावर अण्णा आणि दादा दोघेही क्षितिजाकडे बघायला लागले. ती आमच्या खळ्यात सोयाबीनच्या ढिगावर होती. ताडपत्री वाऱ्याने उडते, दगड टोचून फाटते. स्टेपनी वजनाला बरोबर आणि कडेला गोल. सोयाबीन भिजू नये म्हणून तिथे ठेवली, असं अण्णा म्हणाले. जॅक? तो शेजाऱ्याच्या ट्रॉलीखाली. पाना? तो विहिरीवर. म्हणजे चोरीला काहीच गेलं नव्हतं, याचं समाधान मानायचं.

रस्त्यावरच्या एका माणसाने पुढे किलोमीटरभर पंक्चरचं दुकान असल्याचं सांगितलं. मी मुलाखतीच्या साडीत चालत निघाले, मागून अण्णा फाइल घेऊन. (तिला गाडीत ठेवायला ते तयार नव्हते.) दुकानात गौरम्मा नावाची बाई होती, देगलूरकडची, पन्नाशीची. तिने सगळं ऐकून घेतलं, स्कूटीवर जॅक आणि पाना टाकला आणि मला मागे बसवलं. अण्णांनी काळजीने विचारलं, "मालक न्हाईत का?" ती म्हणाली, "हायत की. झोपलेत." मला राहवलं नाही. स्कूटीवरच मी तिला सांगू लागले की तुम्ही या रस्त्यावरच्या सगळ्या बायकांसाठी आदर्श आहात, स्वावलंबन म्हणजे हेच. ती गाडीपाशी उतरली, चाकाकडे बघितलं आणि म्हणाली, "अम्मा, भाषण मंग. आधी पुढल्या चाकाला दगड लाव, न्हाईतर गाडी जाईल अन् तू इथंच राहशील."

मी दगड लावला. दादाने जॅक लावून चाक उचललं आणि मग नट सोडायला गेला, तसं चाक त्याच्याबरोबर गोल फिरायला लागलं. तो फिरवतोय, ते फिरतंय. गौरम्माने गाडी पुन्हा खाली घेतली, चाक जमिनीला टेकवून नट ढिले केले, मग वर उचललं. हे पुस्तकात पान एकशे ब्याऐंशीवर होतं, मी सांगणारही होते, पण आई तेव्हा गाडीतून उतरायला नकार देत होती (मुगाला कोणीतरी पाहिजे म्हणून) आणि मी तिची समजूत घालत होते. चाक दुकानात गेलं, ट्यूबला थिगळ लागलं, चाक परत आलं. नट आवळायचं काम मी हट्टाने माझ्याकडे घेतलं. समोरासमोरचे, आलटून पालटून. गौरम्माने पान्याला एक झटका देऊन बघितला आणि मान हलवली. पदवीदान समारंभातही मला इतका आनंद झाला नव्हता.

लातूरला मी पोचले ते तीन पंचवीसला. मुलाखत झाली. बरी झाली. पुढे गाडीचा भरवसा नव्हता, म्हणून मुरुडला न येता मुगासकट तसेच घरी परतलो. आता मुद्द्याचं. अण्णांशी बोलून मी ठरवलंय की ही गाडी आपली आपण परत घेऊन जावी. एवढी गुणाची वस्तू आमच्यासारख्यांकडे शोभत नाही. मूगही त्यातच घालून देते. मामींना नमस्कार, लहानग्या श्रद्धाला गोड पापा.

तुमची भाची,
समीक्षा

ता. क. मुलाखतीबद्दल एका ओळीत उरकलं, ते बरोबर नाही. समितीतल्या बाईंनी आधी उशिराचं कारण विचारलं. मी खरं ते सगळं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, चारचाकी चालवता येते का? संस्थेची गाडी आहे पण ड्रायव्हर नाही, गावांना ज्याची त्याने न्यावी लागते. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. मीही पाहिलं. मनगटापर्यंत ग्रीस होतं. मी म्हणाले, हो, येते. काल फोन आला, मामा. जागा मिळाली. पंधरा नोव्हेंबरला रुजू व्हायचंय.

आणखी एक ता. क. मला गाडी चालवता येत नाही. शिकाऊ लायसन्सच्या परीक्षेत मला पैकीच्या पैकी गुण आहेत, पण स्टेअरिंगला अजून हात लावलेला नाही, कारण अण्णांच्या मते शिकलेला माणूस मागं बसतो, पुढं बसतो तो डायवर. मी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले, आणि ते पंधरा तारखेच्या आत खरं करायचं आहे. पक्क्या लायसन्सची चाचणी दहा तारखेला आहे. तेव्हा गाडी परत न्यायचं वर जे लिहिलंय ते वाचलं नाही असं समजा. रेडिएटर दाखवायला नेतो असं अण्णांना सांगून शनिवारी या आणि हिमायतनगरच्या रस्त्याला, जिथे आपलं कोणी भेटत नाही, तिथे मला शिकवा. फोनवर हे सांगता येत नव्हतं. आमच्याकडे फोन आला की स्पीकरवर लावतात आणि अख्खं घर बसून ऐकतं. तुमच्या गाडीबद्दल जे लिहिलं ते रागाने लिहिलं होतं. लई गुणाची आहे ती.

शेवटचं. आई मघापासून माझ्या खांद्यावरून एकेक अक्षर जुळवत हे वाचत उभी होती, मला पत्ता नव्हता. मला वाटलं, आता अण्णांना हाक मारणार. तर म्हणाली, "रवीला लिव्ह, तेवढ्याच डिझेलात दोघी शिकतील."