खंडेनवमीच्या बरण्या

जोगेश्वरी,
शुक्रवार

प्रिय सुलक्षणा,

पेशी वाढल्या गं. हे आधी सांगते, बाकीचं सावकाश. आज सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली बशी ठेवली, तर उंदराच्या यकृताच्या पेशी तळाला घट्ट बसलेल्या, एकमेकींना खेटून, कितीतरी दुभागत असलेल्या. तीन महिन्यांनी! मी स्टुलावर बसून चक्क रडले. विद्याधर सरांनी चहा मागवला.

तू प्रयोगशाळा सोडलीस तेव्हापासून पेशींना लागणारं पोषक पाणी, आपलं मीडियम, मीच बनवत होते. पंचवीस वर्षांचा हात, माझं कसं चुकेल, हा माझा तोरा तुला माहीतच आहे. पण माझ्याही पेशी मरतच होत्या. मी पाण्याला नावं ठेवली, यंत्राला ठेवली, मध्येच जाणाऱ्या विजेलाही सोडलं नाही. शेवटी हरून मीडियम तपासायला दिलं, तर त्यात कॅल्शियमचे आयन जवळजवळ नव्हतेच. ते नसले की या पेशी तळाला धरत नाहीत आणि वाढतही नाहीत, हे तुला पहिल्या दिवशी मीच शिकवलं होतं. म्हणून तर आपल्याकडे मीडियमच्या पावडरीच्या दोन बरण्या. कॅल्शियम नसलेली पावडर पेशी सुट्या करायला, असलेली त्या वाढवायला.

आता खंडेनवमी आठव. यंत्रांची पूजा, झेंडूच्या माळा, तुझ्या आईने पाठवलेल्या खोबऱ्याच्या वड्या. कुंकू सांडून बरण्या बरबटल्या, म्हणून मी दोन्ही पुसल्या, जुन्या चिठ्ठ्या खरवडून नव्या लावल्या. उलट्या लावल्या. तेव्हापासून सुट्या करायच्या वेळी पेशी चिकटून राहायच्या आणि वाढवायच्या वेळी तरंगत मरायच्या, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. तू एकदाच म्हणालीस, "ताई, मी मोजूनच घातलं होतं." मी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

तुला वाटतं, सरांनी आपणहून तुला जायला सांगितलं. नाही गं. तुझं कामात लक्ष नसतं, असं मीच त्यांच्या कानावर घातलं होतं. आणि निरोप घ्यायला आलीस, तेव्हा तुझ्या पाठीवरून हात फिरवला. त्या हाताची मला फार लाज वाटते. आज सगळ्यांसमोर सांगून टाकलं, तेव्हा कुठे मोकळा श्वास घेतला. तुझी जागा अजून भरलेली नाही, सोमवारी सर वाट बघतायत. माझ्यावर रागावून ये, पण ये. या वेळी नवी पाकिटं फोडून काम भागवलं. बरण्या धुवून रिकाम्या ठेवल्या आहेत. त्या तू भर आणि चिठ्ठ्याही तूच लाव. मला सरांनी चिठ्ठ्या लावायला मनाई केली आहे, आणि ती मला पटली आहे.

तुझीच, आज हलकी झालेली,
पद्मजाताई